साबणाचा नकाशा, दोऱ्याचा नकाशा. आपल्या गोव्याचा कशाचा?

कुळागर

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. थोडा लांबेल, पण पूर्ण वाचा.

मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवते. नाताळच्या सुट्टीआधी आठवीच्या मुलांना एक काम दिलं होतं. आपल्या वाड्याचा नकाशा करायचा. पेन्सिल नाही, रंग नाहीत, मोबाईलवरचा नकाशा बघायचा नाही. घरात, परसात, रस्त्याकडेला जे हाताला लागेल त्यातूनच करायचा. ३१ जणांनी करून आणला.

एका मुलाच्या पुठ्ठ्यावर अर्ध्याहून जास्त जागा कुळागराने, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेने, व्यापली होती. ते केलं होतं सुपारीच्या सालांचं, त्यांचे तंतू सोडवून एकेक उभा चिकटवलेला. पाटाचं पाणी दुधाच्या निळ्या पिशवीच्या पट्ट्यांचं. रस्ता ओल्या तांबड्या मातीचा, वाळून भेगाळलेला. आणि घर केवढं, तर एक अख्खी सुपारी. घर इतकं लहान का, म्हणून विचारलं. म्हणाला, घरात मी फक्त झोपायला असतो, शिंपणं सगळं माझ्याकडे आहे.

दुसरा एका मुलीचा. तिने जुन्या उशीच्या अभ्र्यावर टाके घालून वाटा दाखवल्या होत्या. दोन वळणांवर आईच्या ब्लाउजचे हूक उलटे टोचलेले. मी सहज त्यावरून बोट फिरवलं आणि बोटाला टोचलं. तिथे कुत्रे अंगावर येतात, म्हणाली. ती जागा मी जन्मात विसरणार नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. एका वाड्यातून सहा मुलं येतात. तिथे दोन वर्षांपूर्वी भिंत घालून बंगल्यांची वसाहत झाली आहे. सहापैकी एकानेही ती दाखवली नाही, जागा तशीच कोरी. का रे, म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "टीचर, थंय भितर सोडिनात."

कल्पना माझी नव्हे. मुंबईच्या कलाकार शिल्पा गुप्ता यांनी २००८ च्या सुमारास शंभर माणसांना आपल्या देशाचा नकाशा आठवणीतून, हाताने काढायला सांगितला होता. पुढे इतर देशांतही त्यांनी हेच केलं. शंभर जणांच्या रेषा एकमेकींवर बसत नाहीत. शाळेत सर्वांनी गिरवलेली तीच बाह्यरेषा, पण प्रत्येकाच्या हातात ती वेगळीच राहिलेली. त्यांचंच दुसरं एक काम आहे, सुताचा गुंडाळलेला गोळा, काचेच्या पेटीत ठेवलेला. दोरा साधारण ८० मैलांचा. त्याला १४.९ ने गुणलं की भारत-पाकिस्तान सरहद्दीवरच्या ११८८.५ मैलांच्या कुंपणाची लांबी येते. कामाचं नावही १:१४.९ असंच आहे. एवढं मोठं कुंपण, आणि ते दोन हातांत मावेल अशा सुतात. प्रमाण हा शब्द मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवतेय, पण त्याचा अर्थ माझ्या अंगावर आला तो त्या गोळ्याचं छायाचित्र बघताना.

माझं म्हणणं एवढंच आहे. नकाशात काय दाखवलंय याइतकंच नकाशा कशाचा केलाय हेही बोलतं. वस्तू बदलली की नकाशा वेगळंच सांगायला लागतो.

तुम्ही असं काम करणारे कुठले कलाकार पाहिलेत? आणि गोव्याचा नकाशा करायचा झाला तर कशाचा कराल? मनापासून विचारतेय, दुसऱ्या सत्रात मुलांकडून संपूर्ण गोव्याचा नकाशा करून घ्यायचा आहे.

---

रंगपेटी

धाग्याबद्दल आभार. ब्लाउजच्या हुकाचं वाचून काम थांबवलं आणि लिहायला बसलो.

या विषयात मला सर्वांत आधी मोना हातूम आठवते. बैरूतमध्ये पॅलेस्टिनी कुटुंबात जन्म, १९५२ चा. १९९६ मध्ये जेरुसलेमच्या एका गॅलरीत तिने जमिनीवर साबणाच्या वड्या मांडल्या, दोन हजारांहून जास्त. नाब्लुस या पॅलेस्टिनी शहराचा ऑलिव्ह तेलाचा साबण, तिथल्या घराघरांत वापरला जाणारा. त्या वड्यांत बारीक तांबडे काचमणी दाबून तिने रेषा काढल्या. इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यातल्या १९९३ च्या ऑस्लो करारानुसार पॅलेस्टिनींकडे द्यायच्या प्रदेशांच्या त्या सीमा. जागोजाग तुटलेली बेटं, एकाला एक लागून नाही. तिथल्या एका प्रेक्षकाने तिला विचारलं होतं, सीमा विरघळून जाव्यात म्हणून साबण घेतलास का?

आता हाच नकाशा कागदावर छापला असता तर तो वर्तमानपत्रातला नकाशा झाला असता. साबणाला वास आहे. त्या वासाने माणूस आधी आपल्या आजीच्या न्हाणीघरात जातो आणि मग त्याला रेषा दिसते. कुळागरताई म्हणतात ते हेच.

तिनेच १९९८ मध्ये काचेच्या गोट्या जमिनीवर पसरून जगाचा नकाशा केला. गोट्या चिकटवलेल्या नाहीत. जवळून कुणी जोरात चाललं तरी एखादा किनारा हलतो.

दुसरा अलिगिएरो बोएत्ती, इटलीचा. १९७१ पासून त्याने काबूलमध्ये जगाचे नकाशे भरतकामात करून घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक देश त्याच्या झेंड्याने भरलेला. बाह्यरेषा काढलेलं कापड तो पाठवायचा आणि अफगाण स्त्रिया ते टाक्यांनी भरायच्या. एकेका नकाशाला वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, काम थांबलं, आणि नंतर पेशावरच्या निर्वासितांकडून पुन्हा सुरू झालं. १९९४ मध्ये तो वारला तोवर दीडशेच्या आसपास नकाशे झाले होते. ते ओळीने बघत गेलं की झेंडे बदलतात, देश फुटतात. एक पाहण्यासारखा आहे, त्यात समुद्र गुलाबी आहे. भरणाऱ्या बायकांकडे त्या रंगाचा दोरा भरपूर होता, आणि समुद्र निळाच असतो असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बोएत्तीला ते इतकं आवडलं की पुढे समुद्राचा रंग त्याने त्यांच्यावरच सोडला.

---

अबोली

रंगपेटी, माहिती सुंदर आहे, पण एक गोष्ट मला सलते. दीडशे नकाशे, प्रत्येकात लाखो टाके, आणि भिंतीवरच्या पाटीवर नाव एकाचं. त्या बायकांपैकी किती जणींची नावं आपल्याला माहीत आहेत?

माझी आई आयुष्यभर शिवणकाम करून आमचं घर चालवत होती. तिने भरलेली उशी कुणाच्या तरी दिवाणखान्यात असेल, पण तिचं नाव त्या घरात कुणाला माहीत नसेल. म्हणून हे वाचताना मला गुलाबी समुद्राचा आनंद होतो आणि रागही येतो. समुद्राचा रंग ज्या बाईने ठरवला, ती माझ्या लेखी त्या नकाशाची अर्धी कर्ती आहे.

कुळागरताई, तुमच्या मुलांच्या नकाशांखाली प्रत्येकाचं नाव लिहा. आणि हूक ज्या आईचे, तिचंही.

---

रंगपेटी

अबोली, तुमचं बरोबर आहे आणि मी ते टाळून लिहिलं. तो त्या बायकांना भेटूही शकत नव्हता, मधल्या माणसांमार्फत सगळं चालायचं. नकाशांच्या कडेने फारसी मजकूर भरलेला असतो, त्यात भरणाऱ्यांच्या बाजूचे शब्द येतात. माझ्यासाठी तो काठ मधल्या जगाइतकाच महत्त्वाचा आहे. पण त्याने नावाची भरपाई होत नाही, हे मान्य.

---

चिराबंदी

माझी २९ वर्षं जमिनीच्या मोजणीत गेली, आता निवृत्त आहे. थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका.

नकाशात अचूकपणा नसेल तर गरीब माणूस मरतो. श्रीमंताला वकील परवडतो. गरिबाकडे एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा आणि सर्व्हे प्लॅनची प्रत, एवढंच असतं. प्लॅनवर रेष केसभर सरकली तर जागेवर ती एका माडाएवढी सरकते. त्या एका माडासाठी भाऊ भावाशी वीस वर्षं बोलत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे घर सुपारीएवढं आणि कुळागर पुठ्ठाभर, हे वाचून माझ्यातला मोजणीदार अस्वस्थ झाला.

पण दुसरी बाजूही मला माहीत आहे. आमच्याच घराकडे जाणारी पायवाट एका कार्यालयातल्या प्रतीत उतरलीच नाही. पणजोबांच्या काळापासूनची वाट, तिच्यावरून आमच्या घरातल्या सगळ्या वरातीही गेल्या आणि सगळी प्रेतंही. कागदावर नाही म्हणजे नाही. ती परत नोंदवून घेण्यात माझ्या वडिलांची अकरा वर्षं गेली. हातात पुरावा काय? शेजारच्या म्हाताऱ्यांची साक्ष. म्हणजे शेवटी आठवणीतला नकाशाच कामी आला.

गोव्यात नकाशा हा किती जिवाचा विषय आहे, ते तुम्हाला सांगायला नको. कुठली जमीन कशासाठी वापरायची ते २०११ पर्यंतसाठी ठरवणारा सरकारी आराखडा, रिजनल प्लॅन २०११, याविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. पुढच्या २०२१ च्या प्लॅनच्या वेळी, वास्तुविशारद चार्ल्स कुरैया ज्या कृतिदलात होते त्याने मसुद्याचे नकाशे गावागावांत पाठवून लोकांच्या सूचना मागवल्या. आमच्या पंचायतीत तो नकाशा जमिनीवर पसरला होता. म्हातारी माणसं चपला काढून त्याच्या कडेने बसली होती आणि बोटाने आपलं शेत शोधत होती. हिरवं म्हणजे काय, पिवळं म्हणजे काय, आमच्या डोंगराला हा रंग कुणी दिला, असं विचारत होती. माझ्या नोकरीत नकाशासमोर इतकी गर्दी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

एक सुचवतो. मुलांच्या कामाआधी मी शाळेत येऊन मोजणीचं प्लेन टेबल आणि मोजणीची साखळी दाखवू शकतो. मोजून कसा करतात ते आधी त्यांनी एकदा बघावं. मग मोजमाप सोडलं तर ते काय सोडलं हे त्यांना कळेल.

---

कुळागर

चिराबंदीकाका, नक्की या. मुख्याध्यापकांशी बोलून तुम्हाला निरोप पाठवते. म्हातारी माणसं चपला काढून नकाशाकडेला बसली होती, हे मी वर्गात सांगणार आहे.

अबोली, नावं लिहिली. कालच लिहिली, आईचंही.

---

बोरिवलीतला_गोंयकार

मूळचा डिचोलीचा, चाळीस वर्षं मुंबईत. दोन नावं माझ्याकडून.

रीना सैनी कल्लाट. यांचं एक भिंतभर काम आहे, विजेच्या रंगीत वायरींनी विणलेला जगाचा नकाशा. माणसं जिथून जिथे गेली, कामासाठी, करारावर मजूर म्हणून, निर्वासित म्हणून, त्या वाटांच्या वायरी. काही ठिकाणी त्यांना काटेरी तारेसारखे पीळ दिलेत. त्यात स्पीकर बसवलेत, जहाजांचे भोंगे आणि विजेची गुणगुण ऐकू येते. २०१६ मध्ये ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात निर्वासितांवरच्या प्रदर्शनात होतं. वायरीतून निरोप जातो आणि तीच वायर कुंपणही होते. हे मला पटवून द्यायला कुणाचं भाषण लागलं नाही, कारण माझे वडील आखातात होते. आमच्या घरचा टेलिफोन म्हणजे आमच्यासाठी वडील, आणि त्या फोनमुळेच ते इथे नाहीत हेही रोज कळायचं. गोव्यातल्या किती घरांची हीच कथा आहे. बोटीवर, आखातात, आता लंडनला. आपला खरा नकाशा काढला तर त्यातल्या वायरी गोव्याच्या बाहेर कुठवर जातील, विचार करा.

दुसऱ्या झरीना हाश्मी. अलीगढला १९३७ चा जन्म, लंडनमध्ये २०२० साली गेल्या. २००१ मध्ये त्यांनी एक लाकूडठसा केला. कागदावर फक्त एक काळी नागमोडी रेष, भारत आणि पाकिस्तानमधली. शहरं नाहीत, नद्या नाहीत, नावं नाहीत. लाकूडठशात जी रेष काळी हवी ती ठेवायची आणि बाकीचं लाकूड खरवडून काढायचं. म्हणजे ती सीमा उरावी म्हणून त्यांना आजूबाजूचा सगळा मुलूख हाताने खरवडावा लागला. त्यांचं कुटुंब फाळणीनंतर काही वर्षांनी कराचीला गेलं. ती कृती मी पुस्तकात बघितली आणि कितीतरी वेळ पान उलटवलं नाही.

---

सातेरी_वारूळ

सत्तरी तालुक्यातून लिहितो. कलाकारांची नावं मला फार ठाऊक नाहीत, पण कुळागरताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरात दर चवथीला लटकतं.

माटोळी.

बाहेरच्यांसाठी सांगतो. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं, पानं, कंद बांधतात. कांगलां, घागऱ्यो, माट्टीची फळं, कवंडळ, आंबाडे, तोरिंग, सुपारीचं अख्खं शिपटं, निरफणस. बांधायला केवणीच्या सालीचा दोर. बाजारातही आता सगळं विकत मिळतं, पण आमच्याकडे अजून रानात जाऊनच आणायचा रिवाज आहे.

आता यात नकाशा कुठे? माझे आजे माटोळीखाली उभे राहून बोट दाखवायचे. हे कांगलां देवराईच्या वरच्या अंगाचं. हे कवंडळ ओहळाकडच्या झुडपातलं, तिथे जाताना उजव्या हाताने जा, डावीकडे वारूळ आहे. ही माट्टी पलीकडच्या डोंगराची. प्रत्येक वस्तूला पत्ता. चौकट बघून सगळं रान वाचता यायचं. आणि आम्ही पोरं पुढच्या वर्षी त्याच पत्त्यावर जायचो.

गेल्या काही वर्षांत काही पत्ते बंद झाले. एका डोंगराला कुंपण पडलं, त्या डोंगरावरून जे यायचं ते माटोळीत नाही. बाजारातून आणून ती जागा भरता येते, पण माझ्या वडिलांनी भरली नाही. तेवढा दोर मोकळाच सोडला. पाहुणे विचारतात, इथे काय राहिलं? वडील डोंगराचं नाव सांगतात.

---

रंगपेटी

सातेरी, तुमच्या वडिलांनी मोकळा सोडलेला दोर हे मी या वर्षात ऐकलेलं सर्वांत मोठं काम आहे. खरंच सांगतो. त्या मुलांनी कोरी सोडलेली वसाहत आणि हा दोर, दोन्हींत एकच गोष्ट आहे. जागा भरता येत असताना न भरणं.

परवानगी असेल तर येत्या चवथीला येऊन बघेन.

---

सातेरी_वारूळ

या हो, कधीही या. जेवूनच जायचं.

---

शेवटची_फेरी

चोडणचा आहे, म्हणून खाजनाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमची शेती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली. नदी वर, शेत खाली, मध्ये बांध. चिखल, चिरे, पेंढा यांचा. बांधाला जिथे तोंड आहे तिथे मानस, लाकडी दारांची. भरतीचं पाणी रेटलं की दारं मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. माणसाने हात लावायला नको. आत कोरगुट भात, खारं सोसणारं, आणि मानशीवर जाळं लावून मासळी. त्या मासळीची पावणी होते, वर्षाचा हक्क लिलावात जातो. या सगळ्याचा नकाशा कागदावर कसा काढणार? दिवसातून दोनदा तो बदलतो.

रंगपेटींनी गोट्यांचा नकाशा लिहिला तेव्हा मला खाजन आठवलं. हलणारा नकाशा. मुलांनी खाजनाचा नकाशा केला तर तो ओल्या चिखलाचाच करावा, परातीत, आणि कुणीतरी त्यात पाणी ओतावं आणि काढावं. बांध कुठे फुटतो ते बघावं. आमच्याकडे बांध फुटला की काय होतं हे मी लहानपणी पाहिलंय. एका रात्रीत खारं पाणी आत येतं आणि पुढची काही वर्षं त्या शेतात भात धरत नाही. नकाशावर मात्र ती जागा शेतच राहते.

विवान सुंदरम यांचं काम इथे सांगायला हवं. २०१२ मध्ये कोचीच्या पहिल्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, त्यांनी केरळातल्या पट्टणमच्या उत्खननात सापडलेल्या मडक्यांच्या खापऱ्या मांडून जमिनीवर एक शहर उभं केलं होतं. जुन्या मुझिरिस बंदराचं, कल्पनेतलं. मिरीच्या व्यापाराचं बंदर, म्हणून कामाचं नाव काळं सोनं. तुटक्या खापऱ्यांचं शहर, वरून बघितलं की गल्ल्या दिसतात. आपल्याकडे पिळर्णच्या म्युझियम ऑफ गोवामध्ये सुबोध केरकरांची कामं आहेत, तीही शिंपल्या, जुन्या होड्यांचं लाकूड, मिरची असल्या वस्तूंची. समुद्राने काय आणलं आणि काय नेलं ते वस्तूच सांगतात. कुळागरताई, मुलांना एकदा तिथे न्या, फोंड्याहून फार लांब नाही.

---

अबोली

वस्तूंवरून आठवलं. गियेर्मो कुइत्का म्हणून अर्जेंटिनाचे चित्रकार आहेत. त्यांनी मुलांच्या मापाच्या गाद्यांवर रस्त्यांचे नकाशे रंगवले. गादीला जी बटणं असतात ना, ती काही ठिकाणी शहरांच्या जागी येतात. झोपणारं मूल एका शहरावर डोकं ठेवणार आणि पाय दुसऱ्या देशात. घर सुटलेल्या माणसांसाठी याहून नेमकी वस्तू मला सुचत नाही.

---

वाळकिणी

रोज वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

आमचं गाव कुर्डी. साळावली धरणात गेलं. आमची माणसं वाळकिणी आणि वाडे या गावांत वसवली, आम्ही वाळकिणीला. मी नव्या घरात जन्मले. म्हणजे माझ्यासाठी कुर्डी म्हणजे मे महिना. पाणी उतरतं, गावाचे पाये दिसतात, लोक जमतात. सोमेश्वराच्या देवळाकडे उत्सव होतो, ख्रिस्तांव लोक आपल्या कपेलाकडे जमतात. मग पाऊस येतो आणि गाव परत खाली.

परवा या धाग्यातला मुलांच्या नकाशाचा भाग मी आईला वाचून दाखवला. ती चिंच सोलत होती, समोर ताटात चिंचोके. वाचून संपलं तरी काही बोलली नाही. मग ताट बाजूला केलं आणि सुपातले थोडे तांदूळ सारवलेल्या जमिनीवर ओढून नदी केली. नंतर चिंचोके मांडायला लागली. एक चिंचोका, एक घर. प्रत्येक ठेवताना घराचं नाव घ्यायची. आडनाव नाही, घराचं नाव: वयलें घर, न्हंयकडलें, पिंपळाकडलें. पिंपळाकडलें तिने ओहळाच्या अलीकडे मांडलं. देवळाला तिने शेंगेचा तुकडा ठेवला. आमच्या घराला चिंचोका ठेवला, मग उचलला, पदराला पुसला आणि परत ठेवला.

७३ घरं झाली. एकदाही थांबली नाही. एका ठिकाणी मात्र हात हवेत राहिला. त्या घरातली माणसं कुठे गेली ते तिला आठवेना, घर कुठे होतं ते आठवत होतं.

मी वरून फोटो घेतला. नंतर तिने चिंचोके परत ताटात भरले, कारण ते भाजायचे होते.

---

चिराबंदी

वाळकिणी, तो फोटो जपून ठेवा. प्रिंट काढून घ्या, आणि मागे घरांची नावं आईच्या क्रमानेच लिहा. सर्व्हे नंबरांच्या कुठल्याही प्लॅनवर घराचं नाव नसतं.

---

कुळागर

मला काय लिहावं कळत नाही. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्या म्हणाल्या तर मुलांना घेऊन वाळकिणीला येईन.

---

कुर्डेकार

हा धागा मला बहिणीने पाठवला, या एका प्रतिसादासाठी खातं उघडलं. मी वाडेचा.

वाळकिणी, तुमचा नकाशा मी माझ्या आजीला वाचून दाखवला, ती ८६ वर्षांची आहे. ती म्हणते, घरं बरोबर आहेत, पण पिंपळाकडलें घर ओहळाच्या अलीकडे नव्हतं, पलीकडे होतं. तिचं माहेर शेजारीच होतं. आणि तुमच्या आईंना जी माणसं आठवली नाहीत ती बहुतेक आमच्याच चुलत घरातली, ती सांग्याला गेली.

---

वाळकिणी

आईला विचारलं. ती म्हणते अलीकडेच. ओहळात ती कपडे धुवायची, तिथून पिंपळ समोर दिसायचा.

पिंपळाचा बुंधा अजून आहे म्हणे. मे महिन्यात पाणी उतरलं की आजींना घेऊन या, आम्ही पण येतो. ओहळ कुठून जातो ते तिथेच बघू.

---

कुर्डेकार

आजी म्हणते, येते. काठी लागेल, पण येते.